मदत हवी आहे: सोळा-आठचा उपास, वजन अडलं आणि केस गळून राहिले

नमस्कार मंडळी,

नागपूरला राहते. वय ४६, बर्डीवर ऑफिस, दिवसभर खुर्चीतलं काम. उंची पाच फूट एक इंच आणि वजन ७४ वर गेलं होतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा. दिवाळीचा फराळ संपला आणि इंटरमिटंट फास्टिंग सुरू केलं. दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं, सकाळी फक्त काळी कॉफी.

सुरुवातीला काटा असा भराभर खाली आला की ऑफिसातल्या दोघीतिघींनी माझं बघून सुरू केलं. आता मात्र ६९ वर ठाण मांडून बसलाय. त्यात केस विंचरले की गुंताच हातात येतो आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेलं की डोळ्यांपुढे अंधारी. हिमोग्लोबिन केलं, ९.८ आलं. सासूबाई म्हणतात "उपाशी राहून राहिली, अजून काय होणार?" हे उपाशी राहण्यानेच होतं का?

घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि आमचे हे (वय ५२, शुगरची गोळी चालू) सोमवारपासून माझ्यासोबत सुरू करतो म्हणून मागे लागलेत. करू द्यावं का?

- मोगरा७८

बर्डीकर
सकाळी तर्री पोहे नाहीत म्हणजे तुमचं नागपूरचं रेशनकार्डच रद्द व्हायला पाहिजे, ताई. गंमत सोडा. १२ ते ८ मध्ये काय काय पोटात जातं ते लिहा ना. चार वाजताचं पण लिहा, लोक नेमकं तेच गाळतात.

मोगरा७८
लिहिते. साडेबाराला डबा, दोन पोळ्या आणि भाजी, लगेच ऑफिसचा चहा. चारला पुन्हा चहा आणि मूठभर फरसाण (बरं, दोन मुठी). पावणेआठला घाईघाईत एक पोळी, भात, पातळ वरण, भाजी. पूर्वी सकाळी कपभर दूध आणि पोहे किंवा उपमा असायचा, तो गेला. चतुर्थीला साबुदाणा खिचडी.

ताटवाटी
मी आहारशास्त्र शिकले आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्या काही दिवसांत भराभर उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. खरी चरबी एवढ्या वेगाने जात नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी.

पुढचं वजन उतरतं ते खाणं कमी पडल्यामुळे. घड्याळ स्वतः चरबी वितळवत नाही. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझूचा एक वर्षभराचा प्रयोग 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. लठ्ठ असलेल्या १३९ जणांना सारखाच कमी कॅलरीचा आहार दिला होता. त्यातल्या एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं बंधन होतं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. वजन उतरलं सरासरी ८ किलो आणि ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा ठरला नाही. वेळ बांधून घेतली की काहींना कमी खाणं सोपं जातं. फायदा तोच, आणि तो काही लहान नाही. पण वजन घटलं की शरीराची गरजही घटते, आणि खाण्याच्या त्या आठ तासांत हळूहळू फरसाण शिरतं. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर कॅलरी असतात. अडलेला काटा बहुतेक तिथेच अडलाय.

मला जास्त काळजी तुमच्या ताटाची वाटते. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुम्हाला रोज ५७ ग्रॅमच्या आसपास. आता मोजा: तीन पोळ्यांचे दहा, दोन वाट्या भाजीचे चार, पातळ वरणाचे चारेक, भाताचे तीन, फरसाण आणि चहातलं दूध धरून सहासात. तीस गाठता गाठता दमछाक! आधी सकाळचं दूध आणि पोह्यांवरच्या तर्रीतले चणे थोडी भर घालत होते, तेच नेमके गेले. कॅल्शियमचंही तेच. रोज १००० मिलिग्रॅम लागतं आणि पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास असतं.

प्रोटीन कमी आणि व्यायाम नाही, की उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात. २०२० मध्ये अमेरिकेत १२ ते ८ हीच वेळ घेऊन बारा आठवडे प्रयोग झाला होता. दिवसातून तीनदा खाणाऱ्या गटापेक्षा वजन फारसं जास्त उतरलं नाही आणि जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच निघाला.

केस: झपाट्याने वजन उतरलं की दोनतीन महिन्यांनी केस गळतात हे नेहमीचं आहे. लोह कमी असलं तरी गळतात. पण ९.८ हिमोग्लोबिनचं खापर एकट्या उपासावर फोडू नका. पाळीत रक्तस्राव जास्त आहे का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि टीएसएच (थायरॉइड) करून घ्या, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. जेवणावर लगेच चहा घेता तो तासभर पुढे ढकला, त्याने लोह कमी शोषलं जातं. त्याऐवजी डब्यासोबत एक संत्रं खा, व्हिटॅमिन सीने लोह जास्त शोषलं जातं. संत्र्यांसाठी नागपूरकरांना वेगळं सांगायला नकोच.

सातपुडा_एक्सप्रेस
एवढा हिशेब कशाला? सोळा तास झाले की ऑटोफॅजी सुरू होते, शरीर आतून आपोआप साफ होतं. त्यावर नोबेल मिळालंय. ताईंनी २० तासांवर जावं, सगळं सुटेल.

ताटवाटी
नोबेल मिळालं, २०१६ साली, योशिनोरी ओसुमींना. काम होतं यीस्टच्या पेशींवर. त्यावरून माणसात सोळाव्या तासाला घंटा वाजते असं निघत नाही. हिमोग्लोबिन ९.८ असताना २० तास? अजिबात नको.

औषधपेटी
मी मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून फक्त गोळ्यांचं बोलतो. ताई, साहेबांची स्ट्रिप बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम घसरण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, नाहीतर इन्सुलिन असेल, तर न खाता गोळी घेतली की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात घोळ. असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर धोका निराळा, उपाशीपोटी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. डोस आणि वेळ बदलून देणं डॉक्टरांचं काम. सोमवार पुढे ढकला. आणि आपल्या मनाने गोळी गाळू नका, ते तर आणखी वाईट.

मोगरा७८
स्ट्रिपवर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहे! ह्यांना वाचून दाखवलं, गप्प बसलेत. पाळीचं म्हणाल तर हो, वर्षभर बरंच जातंय, वयाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. सासूबाईंना हे अजून सांगितलं नाहीये.

ऑफिसमुळे सकाळी ८ ते ४ शक्य नाही. वेळ थोडी अलीकडे आणली तर चालेल का? आणि चतुर्थीला काय खाऊ?

ताटवाटी
आणा ना. साडेनऊला निघण्याआधी काहीतरी खा आणि रात्रीचं साडेसहा-सातला उरका. लवकर जेवण्याच्या बाजूने एक छोटा प्रयोग आहे, २०१८ चा. तुमच्यासारख्याच डायबेटीसच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनच्या आत जेवणं आटोपली. वजन न उतरताही इन्सुलिनचा परिणाम सुधारला. पण माणसं होती फक्त आठ, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नका. तुमच्या बाबतीत वेळ अलीकडे आणण्याचं माझं कारण साधं आहे. सकाळचं एक खाणं परत येईल आणि पावणेआठची घाई जाईल.

सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वाटीभर दही. डब्यात भाजीऐवजी आठवड्यातून दोनतीनदा झुणका किंवा पाटवडीचा रस्सा. बेसनात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन आहे, फक्त तेलाचा हात आखडता घ्या. चारला फरसाणाच्या जागी फुटाणे. रात्री वरण घट्ट करा आणि पन्नास ग्रॅम पनीर, नाहीतर सोयावडी. विदर्भभर सोयाबीन पिकतं आणि आपण खातो मात्र मैद्याची बिस्किटं.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थीला तो अर्धा करा, दाण्याचा कूट वाढवा, सोबत दही किंवा ताक. भगर असेल तर आणखी बरं.

आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटाच. गळती आहे तिथेच असेल तर ताटात कितीही लोह वाढून उपयोग नाही.

बर्डीकर
एक राहिलं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा कोरडे उपास करू नका, साधं पाणी कधीही चालतं. सकाळी अंबाझरी तलावावर फिरायला या, पण नुसतं फिरून भागणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. चक्कर यायची थांबल्यावर हं, आधी नको.

मोगरा७८
सगळ्यांचे आभार. परवा सकाळी रक्त द्यायला जाते. मैत्रिणीने केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्यात, कालपासून घेतेय. चालू ठेवू ना?

औषधपेटी
आजच थांबवा. बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मधे निदान दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे परवाऐवजी एक दिवस उशिराच रक्त द्या आणि गोळी घेतली होती हे लॅबवाल्याला सांगा.