मराठी साइटसाठी तुमची नेहमीची स्निपेट्स (पुन्हा पुन्हा लागणारे कोडचे तुकडे) कुठली, आणि ती ठेवता कुठे?

फोंडा_वेब
नमस्कार मंडळी. मी फोंड्यात असतो, छोट्या साइट करून देतो, देवस्थानं, होमस्टे, शाळा, बहुतेक मराठी-इंग्रजी दोन्हीत. दर वेळी मेनू, फॉर्मची तपासणी, तारखा हे सगळं जुन्या प्रोजेक्टमधून शोधून कॉपी-पेस्ट करतोय आणि कुठली कॉपी शेवटची तेच कळत नाही. तुम्ही हे ठेवता कुठे? आणि दुसरं म्हणजे नेटवर मिळणारा कोड इंग्रजी मजकुराला छान चालतो पण मराठी टाकलं की काहीतरी बिघडतंच, आता एका जत्रेच्या साइटवर मथळ्यातल्या वेलांट्या वरून कापल्या जातायत आणि देणगीची रक्कम 1,50,000 ऐवजी 150,000 दिसतेय, तीही काही जणांनाच. कोणाकडे पक्का उपाय आहे का?

डिचोलकर
ठेवायचं म्हणशील तर व्हीएस कोड या एडिटरमध्येच ठेव, वेगळं ॲप कशाला. कमांड पॅलेटमध्ये कॉन्फिगर स्निपेट्स टाइप केलं की जेसन फाइल उघडते, प्रत्येक तुकड्याला एक छोटा प्रीफिक्स द्यायचा आणि जिथे कर्सर थांबायला हवा तिथे डॉलर १, डॉलर २ लिहायचं, मग टॅब दाबत पुढे जायचं. हीच फाइल प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये ठेवलीस तर गिटबरोबर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) जोडीदारालाही मिळते.

पण स्निपेट फक्त सांगाड्यासाठी, म्हणजे फॉर्मचं मार्कअप, मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या मापाप्रमाणे मांडणी बदलणारं सीएसएस) असलं. ज्यात लॉजिक आहे ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र कोड फाइलमध्ये टाकून इम्पोर्ट कर, नाहीतर एक बग सापडला की प्रत्येक साइट उघडून दुरुस्त करत बसावं लागतं. आणि जुनं काढून टाक रे! डीप कॉपीसाठी (ऑब्जेक्टची आतल्या सगळ्यासकट प्रत) जेसन पार्स-स्ट्रिंगिफाय अजून वापरतात लोक, त्यात डेट ऑब्जेक्टची स्ट्रिंग होऊन जाते, त्याऐवजी स्ट्रक्चर्डक्लोन वापर, ते २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. व्हिडिओची चौकट १६:९ ठेवायला ५६.२५ टक्के पॅडिंगची युक्तीसुद्धा नको, ॲस्पेक्ट-रेशो एका ओळीत होतं.

काणकोणची_पोर
दादा, वेलांट्या कापतायत म्हणजे मथळ्याला लाइन-हाइट (ओळीची उंची) १ च्या आसपास आणि वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं कापणं) असणार. इंग्रजी थीममध्ये हे सर्रास असतं, पण आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, एवढी जागा लागते. मी एचटीएमएल टॅगला लँग एमआर (भाषा मराठी) देते आणि सीएसएसमध्ये त्या भाषेपुरतं मथळ्याला १.४, परिच्छेदाला १.७ ठेवते. लेटर-स्पेसिंग मात्र शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी दिसतात, मोठ्या मथळ्यात फारच वाईट.

आकड्यांचं सोपं आहे. टू-लोकेल-स्ट्रिंग या जावास्क्रिप्ट फंक्शनला लोकेल (भाषा-देशाचा कोड) दिला नाही तर तो बघणाऱ्याच्या ब्राउझरची भाषा घेतो, अमेरिकन इंग्रजी असेल त्याला 150,000 दिसणार. ईएन-आयएन दे, 1,50,000 येतं. एमआर-आयएन दिलंस तर आकडेही देवनागरी, १,५०,०००. मराठी लोकेल पण आकडे इंग्रजी हवे असतील तर पुढे यू-एनयू-एलएटीएन जोड. जत्रेची वेळ दाखवताना टाइमझोन एशिया-कोलकाता स्पष्ट लिही, कारण गावची साइट दुबई-लंडनला असलेले आपले लोकही बघतात आणि त्यांना पालखीची वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे दिसली तर घोटाळा.

फोंडा_वेब
देव बरें करूं! लाइन-हाइट खरंच १.१ होती, बदलल्यावर मथळे नीट झाले, आकडेही आले. आता शेवटचं, कार्यक्रमपत्रिकेत सर्च दिलाय, त्यात ‘दुसऱ्या दिवशी’ शोधलं तर काही नोंदी सापडतात काही नाही, डोळ्यांना तर शब्द सारखाच दिसतोय.

सत्तरी_कोड
सारखा दिसतो पण आत वेगळा आहे. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर (युनिकोड ०९३१) देऊन त्याला हलन्त लावतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर देतात. नॉर्मलाइझ एनएफसी (युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणणं) केलंस तरी हे दोन एक होत नाहीत, स्वतः रिप्लेस करावं लागतं, म्हणजे र-हलन्त-जॉइनर दिसलं की तिथे ऱ-हलन्त. नुसते जॉइनर उडवू नकोस मात्र, मग ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, रफारवाला.

त्याच मॉड्यूलमध्ये अक्षरं मोजणारं फंक्शनही ठेव, ‘फोंडा’ची लेंग्थ जावास्क्रिप्ट ५ सांगते आणि माणूस दोन अक्षरं मोजतो, त्यामुळे नावाच्या रकान्याला मर्यादा घातली की लोक वैतागतात. ब्राउझरमधला इंटल सेगमेंटर वापर, बरोबर २ देतो. आणि ते रिप्लेस नोंदी इंडेक्स करतानाही चालव आणि शोधशब्दावरही चालव, एकाच बाजूला केलंस तर जुळणार नाही.