अनुभव धागा : सद्गुण अंगी बाणवायचा तर रोज नेमकं काय करायचं?

उपवासकाळ (ईस्टरआधीचा त्यागाचा काळ) लागला की वसईत प्रश्न ठरलेला, 'यंदा काय सोडलंस?' ईस्टरला मटण पानात परत येतं आणि राग, चहाड्या, चालढकल होती तिथेच असते. कॅथलिक शिकवणीत सद्गुण म्हणजे चांगलं करण्याची मुरलेली सवय, आणि सवय मुरवायला रीत लागते. इथे ती रीत लिहा. वेळ, साधन, कुठे फसतं ते सांगा. प्रवचन रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ऐकतोच.

पापडीकर

सर्वात कामाची रीत जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली, त्यात ती आहे : विशेष आत्मपरीक्षण. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठल्याबरोबर ठरवायचं, आज यापासून जपायचं. दुपारच्या जेवणानंतर पहिली तपासणी : उठल्यापासून आतापर्यंत तासातासाने मागे जाऊन तो दोष किती वेळा घडला ते आठवायचं, आणि कागदावरच्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसरी तपासणी, ठिपके दुसऱ्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या सात जोड्या. इग्नेशियस पहिल्या दिवसाची ओळ मोठी आणि पुढच्या लहान-लहान काढायला सांगतात, कारण ठिपके कमी होत जावेत ही अपेक्षा. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

दोष घडला त्याच क्षणी छातीला हात लावून पश्चात्ताप करायचा, हेही त्यातच आहे. चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. विरार लोकलच्या गर्दीतसुद्धा जमतं.

फसतं ते निवडीत. 'राग' असं लिहिलं की मोजता येत नाही. 'मुलाचा अभ्यास घेताना आवाज चढवणं' असं लिहिलं की येतं. शिवाय नुसता दोष खुडून भागत नाही, त्या जागी उलट कृती हवी : उत्तर चुकलं की तोच प्रश्न खालच्या पट्टीत पुन्हा विचारायचा. ज्यांना उठता-बसता पापाची धास्ती वाटते त्यांनी मात्र ही ठिपक्यांची वही उघडू नये, आधी आपल्या धर्मगुरूंशी बोलावं. त्यांच्या हातात ती छळाचं हत्यार होते.

आगाशीची सून

संयमाबद्दल. चर्चचा उपवासाचा नियम तसा सोपा आहे. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, या दोन दिवशी १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत उपवास : एक पूर्ण जेवण, आणि फार तर दोनदा थोडं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाएवढं नको. मांसवर्ज्य १४ पूर्ण झाल्यापासून. मासळी चालते. म्हणून त्या दिवशी भरल्या पापलेटाची मेजवानी झोडली तर नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही, पण संयमाची कसरत काहीच झाली नाही.

रोजच्यासाठी एवढंच : दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थांबायचं आणि पहिल्या घासाच्या वेळी भूक किती होती ते आठवायचं. आणि त्यागातून वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाकायचा. नाहीतर तो घरखर्चात विरघळतो आणि दानाला काही उरत नाही. उपवास, प्रार्थना आणि दान एकत्र सांगितलेत ते उगाच नाही.

हिशोबनीस

न्याय हा सद्गुण सगळ्यात कमी चर्चेतला. कारण त्यात भावना नाही, हिशोब आहे. ज्याचं त्याला द्यायचं. घरकामाच्या बाईचा पगार ठरल्या तारखेला, न मागता. कामगाराचं वेतन अडवणं हे स्वर्गापर्यंत हाक जाणाऱ्या पापांत मोजलंय, हे कितीजणांना आठवतं? महिन्याच्या शेवटी तीन रकाने मांडा : कुणाचे पैसे, कुणाची वस्तू, कुणाचं नाव. तिसरा रकाना अवघड. फॅमिली ग्रुपवर एखाद्याबद्दल खोटं लिहिलं असेल तर धर्मगुरूंपुढे पापाची कबुली देऊन क्षमा मिळाली तरीही ते नाव सावरायची जबाबदारी उरतेच. जिथे बदनामी केली त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकायची, खासगीत 'सॉरी' पुरत नाही.

नंदाखाल

पण गोष्ट खरी असेल तर?

हिशोबनीस

तरीही दोष आहेच. योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष ज्याला माहीत नाही त्याला सांगणं ही निंदा, खोटं सांगणं ही बदनामी. शिकवणीत दोन्ही वेगळी धरली आहेत. निंदेत अडचण अशी की मागे घेता येत नाही, कारण बोललेलं खोटं नव्हतं. त्या माणसाचा खरा चांगुलपणा तिथेच सांगणं, एवढं हातात राहतं.

निर्मळ

पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंना आपली पापं सांगायला, जाताना 'फादर, मी रागीट आहे' हे सांगणं म्हणजे स्वभावाचं वर्णन झालं, पाप सांगितलंच नाही. काय केलं, गंभीर असेल तर कितीदा, एवढं हवं. गंभीर पाप वर्षातून एकदा तरी सांगणं बंधनकारक आहे, पण सवय बदलायची तर महिना बरा. आणि शक्यतो त्याच धर्मगुरूंकडे. दर वेळी नवा माणूस गाठला की तोच दोष दर वेळी 'पहिल्यांदाच' भेटतो.

सांडोरची शिक्षिका

विवेक या सद्गुणाचे तीन टप्पे मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसनी सांगितलेत : विचारपूस, निर्णय आणि अंमल. आपली गाडी तिसऱ्यावर अडते. आजारी नातेवाइकाला भेटायचं ठरवलं, पण वार ठरवला नाही, म्हणजे अंमल झालाच नाही. त्यांचंच आणखी एक निरीक्षण कामाचं आहे : सवयीपेक्षा ढिली कृती होत राहिली तर सवय वाढत नाही, ढिलावत जाते. रोजची जपमाळ उरकण्यात हाच धोका.

पापडीकर

कुठला सद्गुण आधी, असं विचारतात. बिशप आणि भक्तिग्रंथांचे लेखक संत फ्रान्सिस द सेल्स यांचा निकष : जो आवडतो तो नाही, आपल्या कर्तव्याला जो लागतो तो. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि सूनबाई रोज सकाळची मिस्सा, मग चर्चची झाडलोट करत असतील, तर कमी पडतोय तो धीर, भक्ती नव्हे. ही भक्ती खोटी, असं ते स्पष्ट म्हणतात, कारण ती आपल्या जागेचं काम बुडवते.

रात्रपाळीवाल्यांसाठी : दुपार आणि रात्र शब्दशः धरू नका. उठल्यावर ठराव, पाळीच्या मध्ये डब्यानंतर पहिली रेघ, झोपण्याआधी दुसरी. रेघ मात्र जेवणाला चिकटलेली असू द्या, मोबाइलच्या गजराला नको. गजर तिसऱ्या दिवसापासून बंद केला जातो.