अठरा वर्षांखालील कामगार : एकच किमान वय ठरवून भागेल का?

प्रश्न

आमच्या कंपनीची गोदामे आणि विक्री-दालने भारत, अमेरिका आणि युरोपीय संघातील दोन देशांत आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीत सोळा-सतरा वर्षांची मुले कामावर घेण्यासाठी सर्वत्र लागू होईल असे एक धोरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'वयाची १६ वर्षे पूर्ण असावीत आणि जन्मतारखेचा दाखला फाइलला लावावा' एवढे पुरेसे आहे, असे वरिष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही, परंतु ते नेमके कोठे अपुरे पडते हे मुद्देसूद मांडता येत नाही. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या वरिष्ठांनी भरतीचे वय पाहिले आहे. कोणते काम कोणत्या वयात देता येते, हा प्रश्न त्यांनी विचारातच घेतलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात किमान वय सर्वसाधारणपणे १५ आणि तेही सक्तीचे शिक्षण पूर्ण होण्याच्या वयापेक्षा कमी नसावे असे म्हटले आहे, पण त्याच करारात आरोग्य, सुरक्षितता किंवा नीतिमत्ता धोक्यात आणणाऱ्या कामासाठी ही मर्यादा १८ ठेवलेली आहे. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा रीतसर कामावर असूनही त्याला दिलेले एखादे काम बेकायदेशीर असू शकते.

आता तुमच्या देशांकडे पाहा. भारतात १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून १४ ते १८ वयोगटाला 'किशोर' धरले जाते. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया त्यांना वर्ज्य आहेत. अन्यत्र काम देता येते, पण सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, त्यानंतर किमान तासाभराची विश्रांती, ती धरून दिवसाचे एकूण सहा तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइमलाही मनाई आहे. अमेरिकेत चित्र जवळजवळ उलटे आहे : १९३८ च्या संघीय कामगार कायद्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या तासांवर बंधनच नाही (राज्यांची असू शकतात, ती स्वतंत्रपणे तपासावीत), मात्र फोर्कलिफ्ट (माल उचलणारी गाडी) चालवण्यासारखी अनेक कामे अठरापर्यंत बंद आहेत. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांची आहे, आणि साडेचार तासांहून अधिक काम असल्यास किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते.

एक कायदा घड्याळावर कडक आहे, तर दुसरा यंत्रांवर. त्यामुळे कोणत्याही एका देशाची नियमावली उचलून सर्वत्र लावली, तर कोठे ना कोठे भगदाड राहणारच.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त प्रत्यक्षात चूक कशी होते ते सांगतो. मी पूर्वी एका गोदामात पर्यवेक्षक होतो. लेबले चिकटवण्यासाठी घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचे सगळे कागद चोख होते. एका दुपारी फोर्कलिफ्टचा चालक जेवायला गेला, दारात माल अडला, आणि माझ्याच हाताखालच्या एकाने त्या मुलाला 'जरा गाडी मागे घे' म्हणून किल्ली दिली. इजा झाली नाही, पण मी फाइल उघडली तेव्हा नेमणूकपत्रात 'व सांगितले जाईल ते इतर काम' हे आपले नेहमीचे वाक्य दिसले आणि मला घाम फुटला. अठराखालील कोणाच्याही पत्रातून ते वाक्य काढून टाका. त्याऐवजी वर्ज्य कामांची यादी लिहा, ती पर्यवेक्षकाच्या सहीने द्या, आणि किल्ल्या चालकाव्यतिरिक्त कोणाच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करा.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरसकट १८ ही अट का ठेवू नये?

प्रतिसाद १ चे लेखक

कायद्याने तसे करण्यास सहसा अडचण येत नाही, आणि धोकादायक यंत्रे असलेल्या गोदामापुरता मीही तोच सल्ला देईन. परंतु विक्री-दालनात कपड्यांच्या घड्या घालण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलीला नाकारून तिचे संरक्षण होत नाही. ती कदाचित जेथे दाखला मागतच नाहीत अशा ठिकाणी कामाला लागेल. तीनही ठिकाणचे सर्वांत कडक तास आणि तीनही ठिकाणच्या वर्ज्य याद्या एकत्र करून तेच धोरण ठेवावे, म्हणजे लिहायला सोपे जाते आणि एकाच मुलाला दोन नियम लागत नाहीत.

नोंदवहीचेही पाहा. १३८ क्रमांकाच्या कराराने अठराखालील कामगारांची नावे व वय अथवा जन्मतारीख नोंदवून ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याच वहीत कामाच्या सुरुवातीची, विश्रांतीची व सुटीची वेळ रोज लिहावी, आणि दाखल्याची मूळ प्रत कोणी पाहिली त्याचे नाव व तारीखही असावी. नुसती झेरॉक्स फाइलला असणे म्हणजे तपासणी झाली असे नव्हे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गोदामासाठी १८ आणि दालनासाठी १६ असा मसुदा करतो. कंत्राटदारामार्फत येणाऱ्या मुलांची जन्मतारीख आमच्याकडे येतच नाही, हे हा धागा वाचताना लक्षात आले. कंत्राटात तशी अट आधी घालून घेतो.