पवना धरणाच्या काठाला बंगलेवाल्यांची खासगी जेटी : ग्रामसभेत काय बोलू?

गाळपेर
नमस्कार मंडळी. मी मावळातला, पवना धरणाच्या काठचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे आणि नंतरही याच माणसांत राहायचंय.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एका प्रकल्पाचे पंधराएक बंगले उभे राहिलेत. त्यांना आता पाण्यात जेटी हवीये. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची, तरंगती, वर फळ्या, टोकाला दोन स्पीडबोटी बांधायची सोय. ग्रामपंचायतीकडं ना-हरकत मागितलीये. देवळाच्या सभामंडपाला देणगी आणि गावातल्या आठ पोरांना काम, हे तोंडी. सरपंच म्हणतात, "पाणी काय आपलंय? मग आपलं जातंय काय?"

माझं घोडं तिथंच अडलंय. ती जेटी जिथं तरंगणार, त्याच्या खाली आमच्या आज्याची भातखाचरं आहेत. धरणाला पन्नास वर्षं उलटली. १२०३ खातेदारांपैकी ८६३ जणांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून अजून खेटे चालूच आहेत, आमचंही नाव त्यात. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की आजी काठावर उभी राहून बोट दाखवायची, तो बघ आपला बांध, तिथं आंबा होता. वाघेश्वराचं देऊळ पाण्यातून वर आलं की आमच्या घरून अजून नारळ जातो. जमीन घेताना सांगितलं होतं ते पाण्यासाठी. शेतीला आणि शहराला प्यायला. तेच पाणी पिंपरी-चिंचवडला न्यायच्या बंद पाइपलाइनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पोलिसांचा गोळीबार होऊन तीन माणसं गेली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. स्पीडबोटीचं तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

आता माझी गोम. मी स्वतः नऊ तंबू लावतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, बायको पिठलं-भाकरी करते, त्यावर घर चालतं. म्हणजे पर्यटन नको म्हणायला मला तोंड नाही. त्यातले तीन तंबू उन्हाळ्यात पाणी उतरलं की पाटबंधारे खात्याच्या हद्दीत सरकतात, हेही खरं. सभेत पहिला माणूस हेच काढणार.

पण गेल्या मार्चात चुलत्याच्या दोन म्हशी पाण्यावर जाताना बंगल्याच्या वॉचमननं परत हाकलल्या. वाट वडिलोपार्जित. तिथं आता तार आहे आणि इंग्रजीत 'खासगी किनारा' अशी पाटी. जेटी नसताना ही तऱ्हा. झाल्यावर काय होईल?

काठ नक्की कोणाचा, आणि पंचायतीला ना-हरकत द्यायचा अधिकार तरी आहे का? जाणकारांनी सांगावं.

रिटायर्ड_शाखा_अभियंता
तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, दुसऱ्या धरणावर. कारभार सगळीकडे सारखाच.

बंगलेवाल्याची मालकी त्याच्या सातबाऱ्याच्या हद्दीपर्यंत. पाण्यापर्यंत नाही. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्याही थोडं वर संपादनाची हद्द असते, तिथं दगड रोवलेले असतात. दगड ते पाणी हा पट्टा शासनाचा. उन्हाळ्यात तो रुंद होतो, पावसाळ्यात चार पावलं उरतो. गाळपेरीला, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यायला, दिला जातो तोही याच पट्ट्यातला, आणि तेही हंगामापुरता. तुमचं टोपणनाव वाचून बरं वाटलं.

म्हणून पंचायतीच्या ना-हरकतीनं हक्क कुणालाच मिळत नाही. तरी ते लोक ती मागतात, कारण फाइलीला एक कागद लागतो. त्यावरून वरच्या कार्यालयात टिपणी जाते, 'स्थानिकांचा विरोध नाही'. सरपंच म्हणतात 'आपलं जातंय काय', तर जातोय हा कागद.

एक चूक करू नका. बरेच जण निवेदनात 'पाणथळ जागा वाचवा' असं लिहितात. २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्याचं पाणी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. पहिल्याच सुनावणीत ते निवेदन बाजूला पडेल. बोट ठेवायचं ते सार्वजनिक मालमत्तेवर. हिमाचलात बियास नदीकाठी एका मोटेलला दिलेला वनजमिनीचा पट्टा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डिसेंबरात रद्द केला. नदी-तळी सरकारकडे लोकांचा ठेवा म्हणून असतात, मालक म्हणून वाटून टाकायला नाहीत, हे सूत्र त्या निकालानं आपल्याकडे पक्कं केलं. ते वापरा.

आणि दगड शोधा. मोजणीचा अर्ज खात्यानं करावा असं लेखी मागा.

वल्हं_मारणारा
मी बोटीवर काम करतो, याच पाण्यात. गाळपेर दादा, राग मानू नका, पण तुमचे नऊ तंबू चालतात आणि आमची जेटी खुपते? तंबूवाल्यांची गिऱ्हाइकं रात्री पिऊन पाण्यात उतरतात, तेव्हा कोण धावतं? आम्ही. जेटी असली की लाइफ जॅकेट, दोरी, दिवा, नोंदवही एका जागी राहते. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. तेव्हापासून माझी आई रोज फोन करते. पक्का धक्का नको, तरंगती पण नको, मग आम्ही चिखलात गुडघाभर उतरून म्हाताऱ्या बायकांना उचलून बोटीत ठेवायचं का?

आठ पोरांत माझं नाव आहे, म्हणून उघड बोलतो.

गाळपेर
राग कसला, तू बोललास ते बरोबरच आहे. तुझ्या कामाला मी आडवा येत नाही. पण एक सांग, बंगल्याच्या जेटीवर तू दुसऱ्या गावच्या माणसाला चढवू शकशील? काले गावच्या एखाद्या आजीला, बाजाराला जायला?

वल्हं_मारणारा
ते... नाही. गेटला नोंद लागेल.

कमिंगकर
मी अमेरिकेत, जॉर्जियात, कमिंगला राहतो. मूळचा तळेगाव दाभाड्याचा, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर लेक लेनियर आहे. नाव तलावाचं, पण आहे धरण. चॅटाहुची नदीवर ब्यूफर्ड धरण घालून १९५० च्या दशकात भरलेलं, अटलांटाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. तिथंही खाली लोकांची शेतं आणि गावं आहेत. आजीचा बांध वाचून तेच आठवलं.

तिथं काठाला हजारो खासगी डॉक, म्हणजे आपल्या जेटी, आहेत. आपल्याकडे हे ऐकून कुणीतरी म्हणेल, बघा, अमेरिकेत चालतं. पण कसं चालतं ते ऐका. काठाचा पट्टा केंद्र सरकारचा, ताबा लष्कराच्या अभियंता दलाकडे. अख्ख्या तलावाला डॉकची कमाल संख्या ठरलेली आहे, १०,६१५. परवाना पाच वर्षांचा. घर विकलं तर परवाना घराबरोबर जात नाही, नव्या मालकानं स्वतःच्या नावावर अर्ज करायचा. काठाचे भाग पाडलेत, काही ठिकाणी डॉकला परवानगीच नाही. आणि डॉक तुमचा असला तरी त्याच्यासमोरची जमीन तुमची होत नाही. मी माझ्या कुत्र्याला घेऊन कोट्यधीशांच्या बंगल्याखालून काठाकाठानं फिरतो. कपाळाला आठ्या पडतात, अडवता येत नाही.

हे सगळं असूनही भांडणं संपत नाहीत. घरांच्या जाहिरातीत 'डॉकसह' हा शब्द किमतीत केवढा फरक पाडतो, ते घर शोधताना मला कळलं. सरकारी पाण्यावरचा पाच वर्षांचा कागद, आणि भाव त्याचा! २००७ च्या दुष्काळात पाणी वीसेक फूट उतरलं होतं. जुने शेजारी सांगतात, डॉक लाल चिखलात कलंडले होते आणि लोक सरकारवर चिडले होते, 'आमचं' पाणी खाली सोडता म्हणून. एकदा डॉक बांधला की पाणी आपलं वाटायला लागतं, ते असं.

पवनेचं पाणी तर उन्हाळ्यात उतरणारच. रावेतला पिंपरी-चिंचवडसाठी उचलायला ते सोडावंच लागतं. मग बंगलेवाले जेटी पाण्यामागं सरकवत नेणार. कुणाच्या गाळपेरीवरून?

रिटायर्ड_शाखा_अभियंता
कमिंगकर, शेवटची ओळ गाळपेर यांच्या निवेदनात जशीच्या तशी जायला हवी. मी आराखडा नुसता भरलेल्या पातळीचा बघत होतो.

गाळपेर
सभा झाली. लिहायला उशीर झाला, कारण गिऱ्हाइकं होती.

अपेक्षेप्रमाणं पहिला प्रश्न माझ्या तंबूंचा आला. मी आदल्या दिवशीच ते तीन मागं घेतले होते, मातीत खुंट्यांची भोकं ताजी होती, तेवढं सांगितलं. हसले लोक, पण पुढं ऐकलं. अमेरिकेचं सांगायला गेलो तर एक जण म्हणाला, "तिकडचं तिकडं." मग उन्हाळ्यातली जेटी काठीनं जमिनीवर काढून दाखवली, चैत्रात कुठं येईल, वैशाखात कुठं. गाळपेर करणारी सहा घरं तिथंच उभी होती. त्यांना मग काही समजवावं लागलं नाही.

वल्हं पण आला होता. त्यानंच मांडलं की धक्का हवा, पण गावाच्या घाटाला, सगळ्यांना चढता येईल असा, आणि बंगलेवाल्यांनीही तोच वापरावा. देणगीवाले गप्प बसले. सरपंचांनी ना-हरकत ना दिली ना नाकारली. हद्दीची मोजणी होईपर्यंत विषय तहकूब. माझ्या मते पळवाट आहे. पण ठरावात 'पाण्यावर जायची वाट मोकळी ठेवावी' हे वाक्य आलं, त्याच्यावर सही आहे.

पाऊस लागला की गवतात काही दिसत नाही, म्हणून काल चुलता आणि मी दगड शोधत फिरलो. सहा सापडले, चुन्यानं पांढरे केले. सातवा बंगल्याच्या लॉनमध्ये आहे. त्याच्यावर जास्वंदीची कुंडी ठेवलीये.