मदत हवी आहे: रात्रीचा युद्धाचा व्हिडिओ खरा की गेममधला?

दिवसाच्या क्लिपचं जमतं. चार-पाच फ्रेम काढून गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून शोधणाऱ्या दोन्ही साधनांत शोधायच्या, आरशासारख्या उलटवून पुन्हा एकदा, मग सावलीची दिशा सनकॅल्कवर (ठिकाण आणि वेळ दिली की सूर्य कुठे असेल ते दाखवणारी साइट) ताडायची. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओचा मेटाडेटा (कधी, कशावर चित्रित केला अशी फाइलमधली माहिती) तपासण्यात अर्थ नाही, तो वाटेतच गळतो (डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल तर गोष्ट वेगळी).

घोडं अडतं ते रात्री. ना सावली, ना पाट्या. नुसते आकाशात धावणारे ठिपके. 'आर्मा ३' गेममधले असेच तुकडे २०२२ मध्ये युक्रेनचे, २०२३ मध्ये गाझाचे म्हणून फिरले, वृत्तवाहिन्याही फसल्या. तुम्ही नेमकं काय बघता? धुराची हालचाल, की स्फोटाचा उजेड आणि आवाज यांतला वेळेचा फरक? आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून अंतर काढता येतं, पण आवाज मागाहून चिकटवला असेल तर?