सोलरचे फायदे पाच, तोटे पाच: हा इंजिनियरिंगचा विषय आहे का?

ऐरोलीकर
मेकॅनिकल, थर्ड इयर. या सेमला ऊर्जा तंत्रज्ञान आणि पर्यावरण असा विषय आहे, पंचवीस मार्कांचं टर्मवर्क (सेमभर लिहून सबमिट करायचं काम), आणि असाइनमेंट काय तर सोलरचे फायदे पाच तोटे पाच, मग पवन, मग अणू, परत तेच पाच-पाच. ग्रुपवर सीनियरची फाइल आली, सगळ्यांनी उतरवली. त्यात "सौरऊर्जेमुळे प्रदूषण शून्य" लिहिलंय आणि वर बरोबरची खूण, सही. शून्य कसं? पॅनेलचं सिलिकॉन काय उन्हात वितळतं? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2014 च्या रिपोर्टात प्लांट बांधण्यापासूनचा सगळा हिशोब धरून युनिटमागे कार्बन डायऑक्साइड मोठ्या सोलरचा 48 ग्रॅम, कोळशाचा 820, जमिनीवरच्या पवनचक्कीचा 11. हे तीन आकडे शिकवले असते तरी पुरे होतं. विषय ठेवा, पण लिखाण बंद करून मोजायला लावा, आपल्याच सोसायटीचा पंप, लिफ्ट, टेरेस.

थर्मलवाला
बाळा, तीस वर्षं औष्णिक केंद्रात काढलीत, शिफ्टमध्ये. मुलाखतीला येणारी पोरं रिन्यूएबलवर दहा मिनिटं बोलतात आणि कंडेन्सरचा, म्हणजे टर्बाइननंतर वाफेचं पाणी करणाऱ्या भागाचा, व्हॅक्यूम पडला तर काय होईल विचारलं की पंख्याकडे बघतात. जुन्या सबक्रिटिकल, म्हणजे कमी दाबाच्या वाफेवरच्या संचाची एफिशियन्सी 35 टक्क्यांच्या आसपास, जास्त दाबाच्या सुपरक्रिटिकलची 40 च्या जवळ. तेवढा कोळसा कमी जळतो, हेच तुझं पर्यावरण, आणि ते थर्मोडायनॅमिक्समध्ये आहे, वेगळा विषय कशाला? आणि संध्याकाळी सोलर झोपलं की ऐरोलीतले एसी कोण चालवतं?

ऐरोलीकर
काका, एसीचंच घ्या. दीड टनाचा रात्रभरात 8 युनिट खातो धरा. कोळशाच्या विजेला युनिटमागे 700 ग्रॅम कोळसा म्हणजे साडेपाच किलो झाला, आपल्या कोळशात राख 35 टक्के धरली तर जवळजवळ दोन किलो राख. एका बेडरूमची, एका रात्रीची! एफिशियन्सी 35 ची 40 केली तरी पावणेदोन उरतेच, ती कुठे जाते हे थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात नाही.

थर्मलवाला
सिमेंटात जाते, विटांत जाते, रस्त्याच्या भरावात जाते. उरलेली राखेच्या बंधाऱ्यात. बंधाऱ्याचं मात्र खरंय, उन्हाळ्यात वारा सुटला की शेजारच्या गावात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, क्वार्टरमध्ये आमची ही पण ओरडायची. पण हिशोब करतोयस तर नीट कर. ग्रिडमध्ये नुसता कोळसा नसतो, संध्याकाळी मागणी वाढली की कोयनेची पाण्यावरची वीज असते 1960 मेगावॅटची, तारापूरचं अणुकेंद्र 1969 पासून चालू आहे. सगळ्या विजेला कोळशाचा आकडा लावू नको.

टर्मवर्क_पेंडिंग
विषय काढूनच टाका ना. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे पर्यावरण डिग्रीला तसंही सक्तीचं आहे, तेच परत कशाला. रबाळे-महापेच्या कंपन्यांत इंटरव्ह्यूला कोणी राख विचारत नाही, डिझाइनचं सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअर येतं का विचारतात. आणि मोजायला लावलं तर पोरं आकडे पण उतरवतील. आम्ही हीट एक्स्चेंजरच्या प्रॅक्टिकलला तेच केलं, ग्राफ आधी काढला, रीडिंग नंतर घेतली 😂

घोडबंदर_रूफटॉप
मी सोलर बसवायचं काम करते आणि माझ्याकडे नवीन जॉइन होणारी पोरं ही अशीच ग्राफ आधी काढलेली असतात, म्हणून हसू येत नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा, हे सगळ्यांना पाठ. टेरेसवर नेलं की पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात दुपारी तीनला कुठे पडेल हे एकाला सांगता येत नाही, आणि तीच सावली दोन पॅनेलच्या कोपऱ्यावर आली की त्या स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं, आउटपुट पडतं. पंधरा दिवसांत धुळीचा थर बसतो तो वेगळाच, बोटाने नाव लिहिता येतं. ऐरोलीकर, एक पॅनेल धू, शेजारचं तसंच ठेव, दोन्ही स्ट्रिंगमधून सुटी करून डीसीच्या क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवतात तो) प्रत्येकाचा शॉर्ट-सर्किट करंट वेगळा बघ, अर्ध्या तासाचं काम आहे. तोट्यांत मात्र एक खरा तोटा लिही, पंचवीस वर्षांनी ही पॅनेल उतरवायची कुठे? 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल आलीत, पण माझ्या एकाही गिऱ्हाईकाने अजून हे विचारलं नाही.
फक्त थर्मलवाला काकांचं एक बरोबर, बेसिक कच्चं असेल तर मीटर हातात देऊन उपयोग नाही.

थर्मलवाला
एक नाही, दोन्ही बरोबर होतं, बेसिकचंही आणि संध्याकाळच्या सोलरचंही 🙂

ऐरोलीकर
ताई, क्लॅम्प मीटर लॅबमधून मिळेल. टेरेसची चावी सेक्रेटरींकडे आहे आणि ते नातवाच्या बारशाला कोल्हापूरला गेलेत, सबमिशन शुक्रवारी. फायदे पाच लिहून झालेत, आता तोट्यांना बसतो.