‘अहंकार’, ‘ताठा’ की ‘पीळ’?

प्रश्न : सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ (१९५८) या बंगाली चित्रपटातील जमीनदार विश्वंभर राय याच्याविषयी लिहिताना मी ‘अहंकार’ हा शब्द वापरला, परंतु तो फार तात्त्विक वाटतो. ‘गर्व’, ‘माज’, ‘ताठा’ यांपैकी कोणता शब्द नेमका ठरेल? आणि त्याच्या स्थितीस ‘एकांत’ म्हणावे की ‘एकटेपणा’?

उत्तर : ‘माज’ प्रथम वगळावा. माजाला अंगात रग आणि हाती सत्ता लागते. येथे तर जमीन नदीने गिळली आहे आणि पत्नी व मुलगा वादळात बुडून गेले आहेत. ‘गर्व’ चालेल, पण गर्व उतरतो, आणि या माणसाचा काही केल्या उतरत नाही. ‘ताठा’ बराच जवळचा आहे, कारण तो शरीरात दिसतो, आणि ही भूमिका करणाऱ्या छबि विश्वास यांच्या बसण्या-उठण्यात तो सतत दिसतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसांना ‘स्तब्ध’ आणि ‘धनमानमदान्वित’ म्हटले आहे. तेथील ‘स्तब्ध’ म्हणजे आपण आज समजतो तसा थक्क झालेला नव्हे, तर न वाकणारा, ताठर.

तरीही मी ‘पीळ’ निवडेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण जणू याच माणसासाठी आहे. शेवटच्या मैफलीत सावकाराचा मुलगा महिम गांगुली नर्तकीवर दौलतजादा करण्यासाठी हात पुढे करतो, तेव्हा विश्वंभर आपल्या काठीच्या मुठीने तो हात अडवतो, कारण पहिला मान यजमानाचा, आणि मग उरलेली थैली स्वतः देऊन टाकतो. येथे सुंभ जळलेला आहे आणि पीळ तसाच आहे. ‘ताठा’ म्हटले असते तर त्यातली राख दिसली नसती.

‘एकांत’ मात्र मुळीच नको. एकांत माणूस शोधून मिळवतो. ‘एकटेपणा’ही अपुरा पडतो, कारण नोकर अनंत आणि कारभारी त्याच्या आसपास असतातच. त्याला बरोबरीचा कोणी उरलेला नाही आणि महिमला बरोबरीचा मानणे त्याला शक्य नाही, म्हणून ‘एकाकीपण’.

प्रश्न : परंतु ही म्हण आपण उपहासाने वापरतो. चित्रपटात तर करुणा आहे.

उत्तर : आक्षेप योग्य आहे, पण उपहासही तेथे आहेच. मैफलीनंतर तो भिंतीवरील पूर्वजांच्या चित्रांकडे पाहून प्याला उंचावतो आणि स्वतःच्या चित्रावर त्याला कोळी फिरताना दिसतो. आपल्या लेखात म्हण पूर्ण न देता केवळ ‘जळलेल्या सुंभाचा पीळ’ असे लिहिले, तर टोमणा सौम्य होईल आणि करुणेला जागा राहील.